नराला पिशवी नसते

पत्रक कसं लिहायचं हे मला वस्तीतल्या पोरापोरींच्या संघटनेनं शिकवलं. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं, शेवटी उद्गारचिन्ह. पण लिहून झालेल्या पत्रकातली खोटी ओळ शोधून काढायला शिकवलं ते रामटेके मॅडमनी, आणि तेही कांगारूवरून. आज त्यांच्यावर लिहायला बसले आहे तर हात सारखा घोषणेकडे वळतो आहे. मॅडम असत्या तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या असत्या, "प्रज्ञा, ठोकून नको देऊ. जेवढं मालूम आहे तेवढं लिही."

तर जेवढं मालूम आहे तेवढं.

रामटेके मॅडम रायपुरात रेल्वेच्या प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवायच्या. रिटायर झाल्यावर सगळे तलावाकाठच्या तेलीबांध्याकडे फ्लॅट बघतात, मॅडम आमच्या गुढियारीतच राहिल्या. मालधक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांत. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि कापडी झोळा खांद्याला नाही तर गळ्यात अडकवून पोटावर घेतलेला. झोळ्यात खडू, पाण्याची बाटली, शेंगदाण्याची चिक्की. वस्तीतली पोरं त्यांना कांगारू मॅडम म्हणायची. बाहेरून आलेल्या एका पाहुणीनं एकदा कौतुकानं विचारलं, "मुलांना शिकवण्यासाठी मुद्दाम अशी पिशवी लावता का हो?" मी मनात उत्तर तयार केलं होतं, चांगलं छापण्याजोगं. मॅडम म्हणाल्या, "नाही हो. बाजारात एकदा मागून ब्लेड मारून पाकीट नेलं. तेव्हापासून पुढं घेते."

अशी बाई. तिच्यावर पोस्टर करायला जावं तर ती स्वतःच पोस्टर फाडायची.

दर रविवारी विहारात वंदना झाली की मोठी माणसं चहाला उठायची आणि सतरंजीवर मॅडमचा वर्ग बसायचा. पोरं मराठी समजणारी पण बोलणार हिंदीत. मॅडमचा नियम सोपा होता. प्रश्न कोणत्याही भाषेत विचारा, छत्तीसगढीत विचारा, मी उत्तर मराठीतच देईन. विषय ठरलेला नसायचा, पण कुठूनही सुरू झाला तरी कांगारूपाशी पोचायचा. दुधाचा विषय निघाला तर कांगारूची आई एकाच वेळी दोन वेगवेगळी दुधं कशी देते: एका स्तनातून तान्ह्याचं, दुसऱ्यातून बाहेर हुंदडणाऱ्या थोरल्याचं, आणि दोघं एकमेकांचं कधी पीत नाहीत. पायांचा विषय निघाला तर शेपटी. हळू चालताना कांगारू शेपटी जमिनीला टेकवून तिच्यावर भार देतो, म्हणजे ती पाचवा पायच झाली.

विहार समितीतले बोरकर काका एकदा दारातून ऐकत उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे कांगारू स्पर्धा परीक्षेले येते का? आपल्या पोट्ट्याईले कामाचं काही सांगा ना."

हे वाक्य आठवलं की अजून माझ्या डोक्यात सणक जाते. साहेबाच्या पोरानं डायनासोर पाठ केले की तो हुशार. आमच्या पोरानं कांगारूबद्दल विचारलं की "कामाचं काय?" आमच्या लेकरांनी आश्चर्य वाटून घ्यायलाही परवानगी काढायची की काय! मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "येत नाही जी परीक्षेले. बसा तुम्हीबी, आज उड्या शिकवून राहिले." आणि काका खरंच बसले. कांगारूच्या मागच्या पायातले स्नायुबंध रबरासारखे ताणून सुटतात, म्हणून भरधाव उड्या मारतानाही त्याला फारसा दम लागत नाही, हे ऐकून त्यांनी आपल्या गुडघ्याला हात लावून पाहिला.

कांगारूच का, हे त्यांनी मला सांगितलं होतं. नोकरीला नवीन असताना वर्गात इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता, त्यात के ला कांगारू. एका पोरीनं विचारलं, "मॅडम, आई इतक्या उड्या मारते, मंग पिशवीतलं पोट्टं खाली काहून पडत नाही?" मॅडमना माहीत नव्हतं. वर्ग बघत होता. त्यांनी ठोकून दिलं, "गोंदानं चिकटवल्यासारखं राहते." पोरीनं ते पाठ केलं, घरी सांगितलं, दुसऱ्या दिवशी चित्र काढून आणलं: पिशवीच्या बाजूला गोंदाची बाटली.

"त्या बाटलीनं मले झोपू नाही दिलं," मॅडम म्हणायच्या.

मग त्यांनी शोधून काढलं. जन्मलेलं पिल्लू राजम्याच्या दाण्याएवढं असतं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, मागचे पाय नुसते कोंब. तेवढंसं ते पुढच्या दोन हातांनी आईच्या केसांत चढत पिशवीत पोचतं आणि स्तन तोंडात धरतं. स्तनाचं टोक त्याच्या तोंडात फुगतं, म्हणून ते सुटतच नाही. पुढं मोठं झालं की आई पिशवीचं तोंड आवळून धरते, नाडीच्या बटव्यासारखं. गोंद नाही. मॅडमनी दुसऱ्या सत्रात भर वर्गात सांगितलं की मी चुकीचं बोलले होते. ती पोरगी म्हणे खूश झाली, कारण खरं उत्तर गोंदापेक्षा भारी होतं.

तेव्हापासून "ठोकू नको" हा त्यांचा मंत्र. भाजीवाल्यानं "एकदम ताजी" म्हटलं तरी, "ठोकू नको भैया, काल की है ना?" तो बिचारा हसून म्हणायचा, "हव मैडम, काल के हे."

मे महिन्यात रायपूर काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. अशाच एका रविवारी विहारातली लाइट गेली. पंखे थांबले, पोरं कुरकुरायला लागली. मॅडमनी झोळ्यातून बाटली काढली, आपल्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पाणी चोळलं आणि वहीनं वारा घातला. "कांगारूच्या देशातबी असंच तापते. तो काय करते, मालूम? हाताले थुंकी लावते. चाटते. तिथं कातडीखाली रक्ताच्या बारीक नळ्या लय असतात. थुंकी वाळते, रक्त थंड होते." बाटली सगळ्यांच्या हातावर फिरली. गारवा खरंच आला.

पुढचा आठवडाभर गुढियारीतल्या आया तक्रार घेऊन येत होत्या. "मॅडम, पोट्टा दिवसभर हात चाटून राहिला जी! पाहुण्याईसमोर!" मॅडमना दर वेळी परत सांगावं लागलं, की थुंकी कांगारूची, आपण नळाचं पाणी वापरायचं.

त्याच सुट्टीत वर्ग तलाव बघायला तेलीबांध्याला गेला. दोन ऑटोंत कोंबून. तिथं बागेत, फिरायच्या रस्त्याच्या कडेला, एक प्लास्टिकचा कांगारू उभा होता. कचरापेटीचा. डोक्यावर लाल टोपी, गळ्यात बो, पोटाला भगदाड आणि वर लिहिलेलं, "मेरा उपयोग करें". एका पोरानं चिप्सचं पाकीट त्याच्या पोटात टाकलं आणि विचारलं, "मैडम, कंगारू कचरा खाता है क्या?"

मॅडम थांबल्या. पेटीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग बागेच्या चौकीदाराला हाक मारली, "भैया, ये नर है कि मादा?"

चौकीदारानं पेटीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. "मैडम, डस्टबिन है."

"वो तो दिख रहा है. पर टोपी पहनाया है, बो लगाया है, मतलब नर है. और नर को थैली नहीं होती."

"हमको ऐसा ही मिला है मैडम," चौकीदार कळवळून म्हणाला.

मग मॅडमनी तिथंच, उन्हात, पोरांना भोवती गोल उभं केलं. "हे डोक्यात पक्कं करा. नराले पिशवी नसते. एकाही नराले नाही. पिशवी फक्त मादीले. अन् ती घाण कधीच नसते. आई तोंड आत घालून, जिभेनं चाटून, रोज साफ करते. पिल्लाचं शी-शू सारं. जगातली सगळ्यात नीट ठेवलेली खोली आहे ती. तिच्यात पाकीट टाकून राहिला तू."

पोरानं पाकीट परत काढायला हात घातला. "आता राहू दे," मॅडम म्हणाल्या, "ही पेटीच आहे."

माझ्या अंगात लगेच आंदोलन शिरलं. मी म्हटलं, मॅडम, आपण निवेदन देऊ, पेटी हटवा, हा विज्ञानाचा अपमान आहे. मॅडम म्हणाल्या, "हटवून लोक कचरा कुठं टाकतीन? तलावात? पेटी राहू दे. खरं काय ते बाजूले लिहून टाक." मी जाड कागदावर लिहिलं: "असली कंगारू माँ अपनी थैली जीभ से साफ रखती है. आप बाग साफ रखिए." चौकीदाराला विचारून, त्यानंच दिलेल्या टेपनं, आम्ही तो चिकटवला. काही दिवसांत त्याच्यावर कोचिंग क्लासची जाहिरात आली. आम्ही जाऊन पुन्हा लावला.

नारे आणि मॅडम यांचं मात्र कधी जमलं नाही. पावसाळ्यात आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, नाला घरात शिरतो, त्याच्यावर मी पत्रक केलं होतं. मथळा होता, "कंगारू कभी पीछे नहीं हटता! गुढ़ियारी भी नहीं हटेगी!" मला वाटलं, मॅडम खूश होतील, त्यांचा प्राणी घेतला.

"त्याले मागच्या मागं उड्या मारता येत नाही, हे बरोबर," त्या म्हणाल्या. "पण मागं हटत नाही हे कोणी सांगितलं तुले? भेव वाटला का तो वळते अन् पळून जाते. शहाणा आहे."

"मॅडम, नारा आहे तो!"

"मंग त्याले काहून खेचलं त्यात? त्याचा नाला आहे का? तुमचा नाला आहे. कोणाच्या घरात पाणी कुठवर चढलं ते लिही."

मी चिडले. पण घरोघर गेले आणि तसं लिहिलं: कुणाच्या चुलीपर्यंत, कुणाच्या पलंगाच्या पायापर्यंत, कुणाची शिलाई मशीन बुडाली. नारे असलेलं पत्रक लोक वाचून भज्यांखाली घेतात. ते पत्रक घराघरांत आरशामागे खोचून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

आता रोशनच्या पोरीचं.

रोशन आमच्या लाइनमध्येच राहतो. मालधक्क्यावर पोती उतरवतो. त्याची बायको स्वाती हिवाळ्याच्या तोंडाशी, दिवस भरायच्या दोन महिने आधी, बाळंत झाली. मुलगी. मूठभर. दवाखान्यानं काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली, मग जरा सावरली तसं घरी सोडलं. सोडताना तिथल्या सिस्टरनं स्वातीला नीट दाखवलं होतं, की बाळ उघड्या अंगानं छातीशी बांधायचं, कातडीला कातडी, वरून कपडा. दिवसभर, रात्रभर. आई थकली तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. याला कांगारू पद्धत म्हणतात.

घरी आल्यावर हे सगळं रोशनची आई सुमनकाकू हिनं बंद केलं.

काकू दुष्ट नव्हती, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही तिला पत्रकातली खलनायिका कराल. तिला भीती वाटत होती. पण तिचा कायदा होता. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही. आम्ही विटाळ सोडला, आम्ही ते सगळं फेकून दिलं, असं आमची माणसं स्टेजवर छाती ठोकून सांगतात. घरी या आणि बघा! बाप ओट्यावर उभा, आणि आठवडा उलटला तरी त्यानं पोरीला हात लावलेला नाही. स्वाती लाजेनं अर्धी झालेली, कारण ब्लाऊज उघडं ठेवून बसायचं म्हणजे काकूच्या मते बेशरमपणा. बाळ तीन गोधड्यांत गुंडाळून खाटेवर, आणि दार-खिडकी लावून आत कोळशाची शेगडी.

मी आणि मॅडम बाळ बघायला दुपारी गेलो. शेगडीच्या धुरानं डोळे चुरचुरले. मॅडमनी गोधड्या सोडल्या. हाताच्या पाठीनं बाळाचं पोट पाहिलं, मग पाय. माझा हात धरून त्या पायांना लावला. गार. डिसेंबरातल्या फरशीसारखे गार, तीन गोधड्यांच्या आत.

"दूध पेली का?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून ओढूनच नाही राहिली," स्वाती म्हणाली आणि रडायला लागली.

मॅडमनी आधी मला सिस्टरला फोन लावायला सांगितलं. सिस्टर फोनवरच ओरडली: आत्ता छातीला लावा, तासाभरात पाय गरम झाले नाहीत किंवा दूध ओढलं नाही तर ताबडतोब घेऊन या. मॅडमनी शेगडी स्वतः उचलून अंगणात ठेवली. खिडकी किलकिली केली. बाळाला टोपी, मोजे, लंगोट, बाकी काही नाही, आणि स्वातीच्या छातीवर उभं ठेवून मऊ लुगड्यानं बांधलं.

काकू दारात कमरेवर हात देऊन उभी होती. "मॅडम, तुमी शिकलेल्या आहा म्हणून मी गप्प आहो. पण पोट्टीले माकडाच्या पिल्लावानी बांधून ठेवाचं? अन् हिचा टाका अजून ओला आहे. कितीक वेळ बसंल ही?"

"बरोबर बोलली तू," मॅडम म्हणाल्या. "ही एकटी नाही बसू शकत. रोशन!"

रोशन ओट्यावरून आत आलाच नाही. खिडकीतून म्हणाला, "जी मॅडम."

"आंघोळ कर गरम पाण्यानं. साबण लावून. अन् आत ये."

"मी? नाई जी मॅडम. माझे हात पाहा ना, नुसती पोती उचलून. सोलून निघंल ती."

"हात नाही मागितले तुले. छाती मागितली."

काकूनं दार अडवलं. "माणूस नाही येणार आत. आमच्यात नाही चालत."

मॅडमनी आवाज चढवला नाही. "सुमन, ते पाय एकदा पाहून घे. मंग सांग काय चालत नाही ते."

काकूनं पाय पाहिले नाहीत. पण दारातून बाजूला झाली.

रोशन आला, ओल्या केसांचा. खाटेवर उशीला टेकून बसला. मॅडमनी बाळ त्याच्या छातीवर ठेवलं, बांधलं, वरून त्याचाच ढगळ शर्ट चढवला आणि शाल. पोत्याखाली वाकणारा तो माणूस श्वास घ्यायलाही घाबरत होता.

तेवढ्यात दारात खिदळणं ऐकू आलं. रविवारच्या वर्गातली पोरं. बातमी लाइनभर झाली होती. त्यातली सृष्टी, जिला काहीही विसरता येत नाही, पुढं सरकून म्हणाली, "मैडम! आपने तो बोला था नर को थैली नहीं होती!"

पोरं हसली. रोशन मान खाली घालून उठायच्या बेतात. काकूच्या चेहऱ्यावर 'बघा, लेकरालाही समजते' असं लिहिलेलं. मी घाईनं काहीतरी सांगायला निघाले होते, कांगारूमध्येही बाप कसे प्रेमळ असतात वगैरे. मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"बोलली होती," त्या सृष्टीला म्हणाल्या. "अन् नसतेच. नर कांगारू पिल्लाले सांभाळतबी नाही. पण हा कांगारू आहे का?"

"नहीं. रोशन भैया है."

"हं. माणसात पिशवी कोणाले असते? तुह्या आईले आहे?"

सृष्टीनं विचार केला. "नहीं."

"बापाले?"

"नहीं."

"कोणालेच नाही. म्हणून बांधावी लागते. अन् बांधायचीच आहे, तर ती आईलेच बांधली पाहिजे असं थोडी आहे? ज्याची छाती गरम त्याले बांधा."

पोरांच्या डोक्यात ते जाताना दिसत होतं. एक जण म्हणाला, "राजमा जितनी है क्या?" मॅडम म्हणाल्या, "राजमा कांगारूचं. त्याच्यापुढं ही पहाड आहे पहाड." पण नाव पडायचं ते पडलं. आजतागायत ती पोरगी वस्तीत राजमाच आहे.

पोरं पांगली. खोलीत आम्ही पाच जण आणि ती. काकू एकदम खाली बसली, भिंतीला टेकून. सगळा ताठा गेलेला. "मॅडम, खरं सांगा. वाचंल का जी ही?"

रोशननं वर पाहिलं. अशा वेळी कुणीही म्हणतं, वाचेल हो, का नाही वाचणार. मीही म्हटलं असतं. त्या घराला ते वाक्य हवंच होतं.

"मले नाही मालूम," मॅडम म्हणाल्या.

काकू भडकली. "इतकी जिंदगी शिकवण्यात गेली तुमची, अन् एवढंबी नाई सांगू शकत?"

"ठोकून देऊ शकते. उद्या काही झालं तर मंग माझं दुसरंबी काही खरं नाही मानणार तू. अन् मले वाटते तू मानावं." त्या खाली, काकूजवळ फरशीवर बसल्या. "पुढचं नाही मालूम. आताचं मालूम आहे. शालीत हात घाल अन् पाय पाहा तिचे."

काकू उठली. मुलाच्या शर्टात हात घातला. नातीच्या पायाला तिचा हात पहिल्यांदाच गोधडीशिवाय लागला असावा. बराच वेळ तिनं हात काढला नाही.

"कोमट झाले," ती म्हणाली.

थोड्या वेळानं बाळ कुरकुरलं. स्वातीनं घेतलं, आणि त्यानं दूध ओढलं. ओढण्याचा तो बारीक चुटूचुटू आवाज सगळे ऐकत बसलो होतो. सिस्टरला फोन केला, तिनं दुसऱ्या दिवशी दाखवायला आणा म्हणून बजावलं. आम्ही निघालो तेव्हा काकू दारापर्यंत आली. पदराशी चाळा करत, मॅडमकडे न बघता तिनं विचारलं, "मंग माझी पाळी कवा हाय?"

त्या हिवाळ्यात तुम्ही आमच्या लाइनीत आला असता तर सकाळी स्वाती, दुपारी काकू आणि धक्क्यावरून आल्यावर रोशन, असे आळीपाळीनं पोटाशी गाठोडं बांधून बसलेले दिसले असते. रोशनला धक्क्यावरचे लोक "काय बे कांगारू" म्हणून चिडवायचे. तो म्हणायचा, "कांगारू नाई बे. नराले पिशवी नसते." मॅडम रोज संध्याकाळी यायच्या, फक्त पायांना हात लावायच्या आणि जायच्या. होळीपर्यंत राजमाचे गाल भरले. एक दिवस तिनं मॅडमच्या हाताला लाथ मारली. मॅडम म्हणाल्या, "आता मले नाही वाटत काही भेव." त्याच्या आधी त्यांनी हे कधीच म्हटलं नव्हतं.

शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. मॅडमच्या छातीचा आजार बळावला होता, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होत्या. दुपारी उन्हाला त्यांची खाट गल्लीत काढायचे. झोळा आता खाटेच्या पायाला टांगलेला. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन चालले होते, दोन मिनिटं टेकले. त्यांनी वरचं पत्रक ओढलं, वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं. मी ती ओळ पेनानं खोडली.

अंगणवाडी सुटली होती. राजमा धावत आली, चार वर्षांची, नाकाला शेंबूड. सरळ खाटेवर चढली आणि मॅडमच्या शालीत घुसायला लागली. डोकं गेलं, एक हात गेला, पाय बाहेरच राहिले. ओढून-ताणून पाहिलं. मावेना.

"नहीं घुस रही," ती आतून म्हणाली.

"मोठी झाली तू," मॅडम म्हणाल्या. बोलताना धाप लागत होती, तरी त्या थांबून थांबून सांगत राहिल्या. "कांगारूचंबी असंच होते. मोठं झालं का बाहेर राहते. भूक लागली का येते, फक्त डोकं आत घालते, दूध पिते, जाते."

"फिर?"

"मंग एक दिवस नाही येत."

शाल जराशी हलली. "मैं तो रोज आऊंगी."

"ठोकू नको," मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या. हसण्यानं खोकला आला, खोकला थांबला तरी हसू राहिलं.

मी उठले. लाइनीच्या टोकाशी वळताना मागं पाहिलं. शालीतून दोन धुळीनं माखलेले पाय उन्हात बाहेर आले होते, आणि मॅडम डोळे मिटून, हाताच्या पाठीनं, ते गरम आहेत का ते बघत होत्या.